रिपोर्टातलं 'फॉस्फोटंगस्टेट': हे आम्ल लॅबमध्ये करतं तरी काय?

गणपती मंडळाचं आरोग्य शिबिर असो की साखर कारखान्यानं कामगारांसाठी ठेवलेली तपासणी, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात 'लिपिड प्रोफाइल' हा शब्द आता घराघरात पोचलाय. लॅबची पाटी कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत आणि त्यावरचा काथ्याकूट मराठीत, हा आपला सीमाभागाचा रिवाज. काथ्याकूट असतो तो सगळा आकड्यांचा. चांगलं कोलेस्टेरॉल किती, वाईट किती, युरिक ॲसिड वाढलंय तर डाळ बंद करायची का.

आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरांत आणखी एक गोष्ट छापलेली असते: तपासणीची पद्धत. मोठ्या लॅबच्या कागदावर तिथं बहुधा 'डायरेक्ट' किंवा 'एन्झायमॅटिक' असतं. लहान लॅबच्या कागदावर एचडीएलसमोर, म्हणजे चांगल्या कोलेस्टेरॉलसमोर, कधीकधी 'पीटीए' किंवा 'फॉस्फोटंगस्टेट' दिसतं. कॉलेजला जाणारा नातू तो शब्द मोबाइलवर शोधतो, समोर येतं 'तीव्र आम्ल, त्वचेला घातक', आणि आजी घाबरून विचारते, "माझ्या रक्तात ॲसिड सापडलं काय रे?"

आजीनं निश्चिंत राहावं. पीटीए म्हणजे फॉस्फोटंगस्टिक ॲसिड, आणि फॉस्फोटंगस्टेट हे त्याचंच रूप. ते रक्तात नसतं आणि शरीरात सोडलंही जात नाही. रक्त काढून झालं, लॅबमध्ये पोचलं, की मग टेस्ट ट्यूबमध्ये त्या दोघांची गाठ पडते. ही गाठ कशी पडते यावर मात्र छापलेल्या आकड्याची खात्री अवलंबून असते, आणि नेमकं तेच आपल्याला कुणी सांगत नाही.

बारा टंगस्टन, मधे एक फॉस्फरस

टंगस्टन म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बमधली तार. अतिशय जड धातू, जवळजवळ सोन्याइतका घन. फॉस्फरस शेतकऱ्याला डीएपीच्या पोत्यामुळे माहीत. सोडियम टंगस्टेट नावाचं मीठ पाण्यात विरघळवून त्यात फॉस्फोरिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं, की हे सगळे अणू आपोआप एका ठरावीक रचनेत जुळतात. मधोमध फॉस्फरसचा एक अणू, भोवती टंगस्टनचे १२, तिघातिघांच्या चार गटांत, आणि सगळ्यांना धरून ठेवणारे ऑक्सिजनचे ४०. वर हायड्रोजनचे ३, म्हणून ते आम्ल. आम्लही साधंसुधं नाही, तीव्रतेत ते गंधकाम्लाच्या पुढं जातं.

या कुळातला पहिला पदार्थ, टंगस्टनऐवजी मॉलिब्डेनम असलेला, स्वीडनच्या बर्झेलियसनं १८२६ मध्येच नोंदवला होता. पण अणू बसलेत कसे, हे कळायला पुढची शंभरेक वर्षं गेली. मँचेस्टरमध्ये जे. एफ. केगिन यानं क्ष-किरणांच्या मदतीनं ही रचना १९३३ मध्ये उलगडली. आजही तिला केगिन रचना म्हणतात.

पाण्याच्या रेणूचं वजन १८ धरलं, तर या रेणूचं सुमारे २८८० भरतं, आणि त्यातला तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग एकट्या टंगस्टनचा. आकारानं तो साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

लॅबला या रेणूचे तीन गुण उपयोगी पडतात. तो मोठा आणि ऋण विद्युतभाराचा असल्यामुळे प्रथिनांना चिकटून त्यांना खाली बसवतो. कुणी इलेक्ट्रॉन दिला की तो पटकन घेतो आणि निळा होतो. आणि जड असल्यामुळे तो इलेक्ट्रॉन आणि क्ष-किरण अडवतो. पुढच्या सगळ्या चाचण्या या तीन गुणांवरच चालतात.

खाली बसवणं: एचडीएलचा आकडा येतो कुठून

चरबी पाण्यात विरघळत नाही, आणि रक्त तर बहुतांश पाणीच. म्हणून शरीर कोलेस्टेरॉल आणि इतर चरबी प्रथिनांच्या सोबतीनं सूक्ष्म कणांत बांधून रक्तातून फिरवतं. या कणांना लिपोप्रोटीन म्हणतात. एलडीएल आणि व्हीएलडीएल हे मोठे, चरबी जास्त असलेले कण. त्यांच्यावर अपोबी नावाचं एक अवाढव्य प्रथिन असतं. एचडीएल हे लहान, प्रथिनांनी भरगच्च कण. त्यांच्यावर अपोबी नसतं.

आता अडचण अशी, की कोलेस्टेरॉल सगळीकडे एकच. 'चांगलं' आणि 'वाईट' हे रेणू वेगळे नाहीत, कोणत्या कणातून फिरतंय तेवढाच फरक: एचडीएलमधलं चांगलं, एलडीएलमधलं वाईट. कोलेस्टेरॉल मोजणाऱ्या रसायनाला ते कुठल्या कणातलं आहे हे कळत नाही. मग आधी कण वेगळे करायला हवेत.

तापत्या दुधात लिंबू पिळलं की घट्ट भाग फुटून एकीकडे होतो आणि हिरवट पाणी एकीकडे राहतं. इथंही तसंच, फक्त हे फुटणं निवडक असतं. सिरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तावरच्या पिवळसर पाण्यात, फॉस्फोटंगस्टेट आणि मॅग्नेशियम क्लोराइडचं ठरावीक मापाचं द्रावण घालतात. ऋण भाराचा फॉस्फोटंगस्टेट आणि धन भाराचं मॅग्नेशियम मिळून अपोबीवाल्या कणांना एकमेकांत गुंतवतात. ट्यूब बघता बघता दुधाळ होते. दहाएक मिनिटं तशीच ठेवायची, मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरा फिरवायची. बाहेर काढल्यावर तळाशी पांढरा साका घट्ट बसलेला असतो आणि वर स्वच्छ निवळी. साक्यात एलडीएल आणि व्हीएलडीएल, निवळीत एचडीएल. साका न हलवता पिपेटनं निवळी उचलायची आणि तिच्यातलं कोलेस्टेरॉल एन्झाइमच्या गुलाबी रंगावरून मोजायचं. रिपोर्टवर छापलं जातं ते एचडीएल हे.

ही पद्धत पॅरिसमधल्या बुर्श्टाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये मांडली. त्याआधी कण वेगळे करायला अल्ट्रासेंट्रिफ्यूज नावाचं महागडं यंत्र तासन् तास चालवावं लागे. तालुक्याच्या गावात एचडीएलची तपासणी पोचली, त्यात या स्वस्त द्रावणाचा मोठा हात आहे.

चूक कुठं शिरते

वरच्या वर्णनात 'ठरावीक मापाचं', 'दहाएक मिनिटं', 'साका न हलवता' असे शब्द आले. चुका शिरतात त्या याच फटींतून. फिरवणं कमी झालं किंवा साका थोडा उचलला गेला, तर निवळीत एलडीएल उरतं आणि एचडीएल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. माणूस खूश, आकडा खोटा. उलट द्रावण जास्त पडलं, तर एचडीएलचाही थोडा हिस्सा खाली ओढला जातो आणि आकडा कमी येतो.

आणि एचडीएलमधली चूक एचडीएलपुरती राहत नाही. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजतच नाहीत, वजाबाकीनं काढतात. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड यानं मांडलेलं हे सूत्र: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, त्यातून ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या मुख्य चरबीचा, पाचवा हिस्सा वजा करा, उरलं ते एलडीएल. समजा एकूण २१०, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १५०. पाचवा हिस्सा ३०. म्हणजे एलडीएल १३८. आता त्याच माणसाचं एचडीएल चुकून ५२ आलं, तर एलडीएल १२८ छापलं जाईल. एका पिपेटच्या घाईनं चांगलं दहानं वाढलं आणि वाईट दहानं कमी झालं.

सगळ्यात जास्त त्रास देतं ते ट्रायग्लिसराइड. ते फार वाढलेलं असलं की कण चरबीनं इतके हलके होतात की साका तळाला बसायलाच तयार होत नाही. निवळी गढूळ राहते, काही वेळा साका वर तरंगतो. समजदार टेक्निशियन अशा वेळी सिरम पातळ करून चाचणी पुन्हा लावतो. घाईतला तसाच आकडा छापतो. शिवाय ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की फ्रीडवाल्डचं सूत्र मुळात वापरायचंच नसतं.

उपाशीपोटी या म्हणतात त्याचं मूळ इथं आहे. खानापूर रोडवरच्या कुठल्याही लॅबमध्ये सकाळी हा संवाद ऐकू येईल:

"मामा, काय खाऊन आलासा काय?"

"न्हाई की. चहा तेवढा घेतलो. त्यात दोन बटर खाल्लो."

मामांच्या हिशेबात चहा-बटर म्हणजे खाणं नव्हेच. खरं सांगायचं तर तेवढ्यानं एचडीएलला फारसा फरकही पडत नाही. जेवणानं हलतं ते ट्रायग्लिसराइड. युरोपातल्या तज्ज्ञांनी तर २०१६ मध्ये सांगून टाकलं की नेहमीच्या लिपिड तपासणीसाठी उपाशी राहायची सक्ती नको. पण आदल्या रात्री लग्नात मटण-वडे आणि वर वाटीभर कुंदा झाला असेल, आणि लॅब साका बसवून एचडीएल आणि वजाबाकीनं एलडीएल काढत असेल, तर उपाशी गेलेलं बरं.

"मग डायरेक्ट लिहिलं असेल तर बिनघोर?"

बऱ्याच अंशी हो. १९९० च्या दशकापासून आलेल्या डायरेक्ट पद्धतीत साका नाही, फिरवणं नाही. रसायनंच अशी की इतर कण झाकले जातात आणि यंत्र एचडीएलमधलंच कोलेस्टेरॉल मोजतं. माणसाचा हात कमी लागतो म्हणून चूक कमी. पण भरमसाट ट्रायग्लिसराइडपुढं हीही पद्धत गडबडते, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या रसायनांचे आकडे तंतोतंत जुळतातच असं नाही.

त्यामुळे शहापुरातल्या लॅबचं ३८ आणि दोन महिन्यांनी टिळकवाडीतल्या लॅबचं ४३ हे बघून 'गोळीनं गुण आला' असं लगेच ठरवू नये. आधी दोन्ही कागदांवरची पद्धत बघावी. औषधाचा परिणाम पडताळायचा असेल तर शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीनं. जुनी पद्धत म्हणजे चुकीची पद्धत, असंही समजू नका. नेटका टेक्निशियन पीटीएनं काढतो तो आकडा डॉक्टरला निर्णय घ्यायला पुरेसा असतो.

निळं होणं: युरिक ॲसिडची जुनी चाचणी

दुसरा गुण इलेक्ट्रॉन घेण्याचा. टंगस्टनच्या बारा अणूंना बाहेरून एकदोन इलेक्ट्रॉन मिळाले, की ते कुठल्या एका अणूकडं न राहता बाराही जणांत फिरत राहतात. त्या फिरण्यामुळे रेणू लाल प्रकाश शोषतो आणि द्रावण गडद निळं दिसतं. याला टंगस्टन ब्लू म्हणतात. निळा जितका गडद, तितके इलेक्ट्रॉन जास्त दिले गेले.

युरिक ॲसिड इलेक्ट्रॉन देण्यात पटाईत. हार्वर्डमधल्या ऑटो फोलिन या मूळच्या स्वीडिश रसायनज्ञानं १९१२ मध्ये डेनिस या सहकाऱ्यासोबत याचाच फायदा घेतला. आधी सिरममधली प्रथिनं काढून टाकायची, उरलेल्या पाण्यात सोडियम कार्बोनेट आणि फॉस्फोटंगस्टिक ॲसिड घालायचं आणि निळेपणा मोजायचा. १९५० च्या दशकात कॅरावेनं ती सुधारली आणि पुढं कित्येक वर्षं जगभर गाऊटचं, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचं, निदान या निळ्यावर झालं.

याच हार्वर्डमध्ये आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव १९२३ मध्ये पोचले. १९२५ मध्ये त्यांनी आणि फिस्कनं फॉस्फरस मोजायची जी पद्धत दिली, ती याच कुळातल्या मॉलिब्डेनमच्या निळ्यावर उभी आहे. फिस्क-सुब्बाराव हे नाव बायोकेमिस्ट्रीचा प्रत्येक विद्यार्थी आजही पाठ करतो. त्यातला सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचा, हे किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे.

या निळ्याचा दोष एकच: इलेक्ट्रॉन कोण देतोय हे तो विचारत नाही. व्हिटॅमिन सी देईल, पेशींमधलं ग्लुटाथायोन देईल, तरी निळा रंग येणारच. सर्दी झाली म्हणून व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चघळणाऱ्याचं युरिक ॲसिड उगाच जास्त दिसायचं. म्हणून आता लॅबमध्ये युरिकेज हे एन्झाइम वापरतात, जे युरिक ॲसिडलाच हात घालतं. गंमत म्हणजे व्हिटॅमिन सी इथंही खोडी काढतं, फक्त उलट्या दिशेनं. युरिकेजनंतरच्या रंगाच्या पायरीत ते लुडबुडतं आणि आकडा कमी दाखवू शकतं. तेव्हा मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देताना तसं सांगून टाका. फॉर्मवर ती जागा नसते, तोंडानं सांगायचं.

गुळाच्या पुडक्यावरचं 'अँटिऑक्सिडंट'

फोलिनचं दुसरं अपत्य आपल्या ऊसपट्ट्याला जास्त जवळचं. १९२७ मध्ये त्यानं आणि चोकाल्तेऊनं फॉस्फोटंगस्टिक आणि फॉस्फोमॉलिब्डिक आम्लांचं एक मिश्रण बनवलं. दहा तास उकळून केलेलं हे पिवळं द्रावण फोलिन-चोकाल्तेऊ म्हणून बाटलीत मिळतं. बाटलीला हिरवट झाक आली की समजायचं, आतल्या आत निळं व्हायला लागलंय, फेकून द्या. १९५१ मध्ये लाऊरीनं याच द्रावणानं प्रथिनं मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. विज्ञानाच्या इतिहासात इतरांनी सर्वांत जास्त वेळा उल्लेखलेला शोधनिबंध तोच.

पॉलिफिनॉल मोजायलाही आज हेच वापरतात. पॉलिफिनॉल म्हणजे चहा, हळद, जांभूळ, गूळ यांतले कडू-तुरट, रंगीत पदार्थ, ज्यांच्या नावावर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द विकला जातो. सेंद्रिय गुळाच्या, काकवीच्या पुडक्यांवर हे आकडे आता छापून येऊ लागलेत.

तिथं ग्राहकानं जरा थांबावं. हे द्रावण पॉलिफिनॉलनं निळं होतं, तसं ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या साखरांनीही थोडंफार होतं, आणि गुळात साखर सोडून असतं किती! त्याहून मजेशीर गोष्ट हायड्रोसची. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांवर काहिलीत हायड्रोस टाकतात. हे गंधकयुक्त रसायन रंग घालवतं ते इलेक्ट्रॉन देऊन, आणि असे गंधकाचे क्षार मालात उरले तर तेही या द्रावणाला निळं करतात. म्हणजे ज्या रसायनामुळे ग्राहक गूळ नाकारतो, तेच 'अँटिऑक्सिडंट'चा आकडा फुगवू शकतं. नीट काम करणारी प्रयोगशाळा आधी हे अडथळे काढते आणि मग मोजते. पुडक्यावर यातलं काही लिहिलेलं नसतं.

निपाणीचा तंबाखू, काजऱ्याची बी

वनस्पतींत अल्कलॉइड नावाचे नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू आणि कमी मात्रेतही प्रभावी पदार्थ असतात. तंबाखूतलं निकोटिन, सिंकोनातलं क्विनाइन, काजऱ्याच्या बीतलं स्ट्रिक्निन, कुड्याच्या सालीतलं कोनेसिन. आम्लात विरघळले की त्यांच्यावर धन भार येतो आणि ऋण भाराचं फॉस्फोटंगस्टेट त्यांना धरून साका करतं. शायब्लरचं रिएजंट या नावानं फार्मसीची मुलं हे शिकतात. खानापूरच्या जंगलातली एखादी साल औषधी आहे म्हणून कुणी आणली, तर तिच्या अर्कात असं एखादं रिएजंट टाकून साका येतो का बघणं ही पहिली पायरी. बेळगावात आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाच आहे, त्यामुळे हा विषय इथं परका नाही.

निपाणीच्या वखारीतल्या तंबाखूत निकोटिन किती, हे मोजायची जुनी प्रमाणित पद्धतही याच घराण्यातली. त्यात फॉस्फरसच्या जागी सिलिकॉन असलेलं सिलिकोटंगस्टिक आम्ल वापरतात. निकोटिनसोबत त्याचा साका बसतो, तो गाळून जाळतात आणि उरलेल्या राखेच्या वजनावरून निकोटिनचा हिशेब करतात.

साका आला म्हणजे अल्कलॉइड सापडलं, असं मात्र छातीठोक म्हणता येत नाही, कारण प्रथिनंही साका देतात. ही चाळणी आहे, ओळख पटवायला पुढच्या चाचण्या लागतात.

जड असण्याचा फायदा

लिव्हरची किंवा किडनीची बायोप्सी झाली की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात कधीकधी 'मॅसन ट्रायक्रोम' हे शब्द येतात. पेशींच्या पातळ कापावर आधी लाल रंग चढवतात, मग फॉस्फोटंगस्टिक किंवा फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल. हे आम्ल कोलॅजन या तंतुमय प्रथिनातला लाल रंग हुसकून लावतं, स्नायूत मात्र तो राहतो. मग निळा रंग दिला की तो रिकाम्या झालेल्या कोलॅजनवर बसतो. लिव्हरमध्ये व्रण किती पसरलाय, हे डॉक्टर त्या निळ्या पट्ट्यांवरून सांगतात. मॅलरीच्या पीटीएएच या दुसऱ्या रंगात हेच आम्ल हिमॅटॉक्सिलिन या रंगद्रव्यात मिसळतात. ते द्रावण नैसर्गिकरीत्या पिकवायचं तर काही महिने उजेडात ठेवावं लागतं. घाई असेल तर पोटॅशियम परमँगनेट घालून लगेच पिकवतात.

खरा चमत्कार इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. विषाणू इतके हलक्या अणूंचे बनलेले असतात की इलेक्ट्रॉन त्यांच्यातून आरपार जातात, चित्रात काही उमटत नाही. १९५९ मध्ये ब्रेनर आणि हॉर्न यांनी सोपा मार्ग रूढ केला. तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर विषाणूंचा थेंब ठेवायचा, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं आम्लपणा घालवून उदासीन केलेलं एकदोन टक्क्यांचं फॉस्फोटंगस्टेट सोडायचं, जादा पाणी टिपकागदानं टिपायचं, वाळवायचं. टंगस्टन विषाणूच्या भोवती आणि त्याच्या खाचाखोचांत सुकून बसतं, इलेक्ट्रॉन तिथं अडतात, आणि काळ्या पार्श्वभूमीवर विषाणूचा उजळ आकार काट्यांसकट दिसतो. याला निगेटिव्ह स्टेनिंग म्हणतात.

२०२१ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद हातात घेऊन आपण ज्याच्या नावानं खोळंबलो, त्या कोरोना कुळातला माणसाचा विषाणू पहिल्यांदा दिसला तो या तंत्रानं. लंडनमध्ये जून अल्मेडा यांनी तो टिपला आणि १९६७ मध्ये डेव्हिड टायरेल यांच्यासोबत प्रसिद्ध केला. ग्लासगोच्या बसचालकाची ही मुलगी, सोळाव्या वर्षी शाळा सुटली, आणि लॅब टेक्निशियन म्हणून कामाला लागली होती.

इथं एखादे केमिस्ट्रीचे सर आक्षेप घेतील: "केगिन रचना तीव्र आम्लातच टिकते, उदासीन द्रावणात ती मोडते, मग हे फॉस्फोटंगस्टिक ॲसिड राहिलंच कुठं?" सरांचं बरोबर आहे. सात पीएचला बाराची जुळणी सुटते, काही टंगस्टन निसटतात आणि तुटके रेणू उरतात. चित्राला त्यानं बाधा येत नाही, कारण इलेक्ट्रॉन अडवायचं काम टंगस्टनचं आहे, रचना अख्खी असो की तुटकी.

अंगावर सांडलं तर? सिंकमध्ये ओतलं तर?

पावडर आणि दाट द्रावण त्वचा आणि डोळ्यांना जाळतं. सांडलं तर भरपूर पाण्यानं धुवायचं, डोळ्यात गेलं तर धूत धूत डॉक्टरकडं. किटमधलं द्रावण पातळ आणि सौम्य केलेलं असतं, तरी हातमोजे हवेतच. टंगस्टन जड धातू असल्यानं उरलेलं द्रावण आणि साके बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या डब्यात जमा करायचे असतात. साक्यात रुग्णाचं सिरम असतं, म्हणून तो जैविक कचराही ठरतो.

"एवढं जुनं झालंय तर शिकवायचं कशाला?"

एमएलटी (लॅब टेक्निशियनचा अभ्यासक्रम) आणि फार्मसीची मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. रक्ताच्या रोजच्या तपासणीत याची जागा एन्झाइमनी घेतली, हे खरं. पण रसायन दुसऱ्या दारानं परत आलंय. मेंदूच्या प्रायॉन आजारांत विकृत प्रथिन अगदी थोडं असतं. ते ऊतींच्या काल्यातून गोळा करायला १९९८ पासून सोडियम फॉस्फोटंगस्टेट वापरतात, आणि काम तेच, निवडून साका करण्याचं. चीज किती मुरलंय हे ठरवतानाही फॉस्फोटंगस्टिक आम्लानं मोठी प्रथिनं खाली बसवून वर उरलेला नायट्रोजन मोजतात. कारखान्यांत हे घराणं उत्प्रेरक म्हणून चालतं: प्रोपिलीन आणि पाण्यापासून आयसोप्रोपाइल अल्कोहोल, म्हणजे सॅनिटायझरमधलं अल्कोहोल, बनवायला जपाननं १९७० च्या दशकात अशी टंगस्टनची आम्लं वापरात आणली.

आणि नव्यातलं नवं म्हणजे मायक्रो-सीटी. हाडाचा सीटी स्कॅन सोपा, कारण कॅल्शियम क्ष-किरण अडवतं. मऊ ऊतींत अडवणारं काही नसतं. २००९ मध्ये मेट्शर या संशोधकानं दाखवलं की कीटक किंवा भ्रूण फॉस्फोटंगस्टिक ॲसिडमध्ये भिजवून ठेवला, तर आतले स्नायू आणि मज्जातंतू क्ष-किरणांत उठून दिसतात. न कापता, न चिरता, मुंगीएवढ्या जिवाचं आतलं सगळं त्रिमितीत बघता येतं. रेणू मोठा असल्यामुळे आत झिरपायला वेळ लावतो, लहान नमुन्याला रात्रभर पुरते, मोठ्याला कित्येक दिवस जातात.